धुक्यात सायकल चालवताना मागच्या गाडीला आपण वेळेत दिसावे यासाठी काय करावे? (नांदूर नाका ते चांदोरी, पहाटेची वेळ)

नांदूरनाका_मास्तर

नमस्कार. मी चांदोरीजवळच्या एका विद्यालयात गणित शिकवतो आणि दिवाळीपासून आठवड्यातून तीन दिवस शाळेत सायकलने जाऊ लागलो आहे. पहाटे सव्वासहाला नाशिकच्या नांदूर नाक्यावरून निघतो आणि छत्रपती संभाजीनगर रस्त्याने माडसांगवी, लाखलगाव मागे टाकत साडेसातच्या सुमारास शाळेच्या फाटकाशी पोहोचतो. थंडीची माझी तक्रार नाही. कानटोपी आणि हातमोजे एवढ्यावर भागते. अडचण धुक्याची आहे. नाक्यावर आकाशात चांदण्या दिसत असतात, पण ऊस आणि द्राक्षबागा सुरू झाल्या की मध्येच रस्ता दुधात बुडाल्यासारखा होतो आणि पन्नास पावलांपलीकडचे झाड दिसत नाही.

गेल्या मंगळवारी लाखलगावच्या पुढे माझ्या मागे एक पिकअप आली. मला तिचा उजेड आधी जाणवलाच नाही. हौद्यातले रिकामे क्रेट एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला, तेव्हा कळले की कोणीतरी जोरात ब्रेक दाबला आहे, आणि वळून पाहतो तो गाडीचे नाक माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर होते. चालक भला माणूस होता. तो खाली उतरून म्हणाला, "सर, तुमचा लाल दिवा दिसला होता, पण मला वाटले मोटारसायकल आहे, अजून लांब आहे." त्याचे हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही, कारण दिसणे आणि ओळखू येणे यांत फरक आहे हे मला त्या क्षणापर्यंत सुचलेच नव्हते.

माझ्याकडे पोपटी रंगाचे चमकणारे जाकीट आहे, सीटखाली उघडझाप करणारा एक लाल दिवा आहे आणि पुढे चार्जिंगची एक बॅटरी आहे. दिवा लुकलुकता ठेवावा की स्थिर, जाकिटाचा धुक्यात खरोखर उपयोग होतो का, आणि रस्त्याच्या अगदी कडेने चालणे सुरक्षित की थोडे आत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. "सायकल सोडा" हा सल्ला घरी मिळालेला आहे.

ब्रेव्हेवाला

सर, सर्वप्रथम आपण सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. मी गेली आठ वर्षे २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करतो. त्या प्रकारात रात्री पुढचा-मागचा दिवा आणि रेडियमचे जाकीट नसेल तर रस्त्यावर राहूच देत नाहीत, त्यामुळे दिव्यांवर मी गरजेपेक्षा जास्त पैसे घालवलेले आहेत. त्या खर्चातून जे शिकलो ते सांगतो.

लुकलुकता की स्थिर, या वादाचे उत्तर "दोन्ही" असे आहे. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधून घेतो, यात शंका नाही, पण तो विझलेला असतो त्या वेळात चालकाला तुमचा माग ठेवता येत नाही आणि अंतराचा अंदाज चुकतो. उघड्या हवेत आजूबाजूची झाडे, खांब, रस्त्याची कड यांच्या आधाराने मेंदू तो अंदाज भरून काढतो, पण धुक्यात हे सगळे आधार गेलेले असतात आणि काळोखात नुसता एक ठिपका लुकलुकत राहतो. म्हणून मागे दोन दिवे लावावेत, एक सीटच्या दांड्याला स्थिर आणि दुसरा कॅरिअरच्या टोकाला किंवा मागच्या मडगार्डवर लुकलुकणारा. दोन्ही दिव्यांची उंची वेगळी असू द्यावी. चार्जिंग संपून एक विझला तरी दुसरा असतो, हा वेगळा फायदा.

पुढची बॅटरी मात्र धुक्यात कमी तेजावर ठेवावी आणि तिचे तोंड खाली, चाकापुढे सात-आठ मीटरवर पडेल असे वळवावे. पूर्ण तेजावर ठेवली की उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत परततो. हेल्मेटवर बसवलेली बॅटरी तर धुक्यात सर्वांत वाईट, कारण तिचा झोत नजरेच्या रेषेतच असतो. ती काढून हँडलच्या खाली किंवा फोर्कवर लावून पाहा, फरक पहिल्याच फेरीत कळेल.

एक शंका विचारतो, राग मानू नये. आपण डबा आणि पुस्तके कशात नेता? सीटखालचा दिवा पिशवीने झाकला गेल्याची उदाहरणे मी इतकी पाहिली आहेत की आता कोणी अपघाताचे सांगितले की पहिला प्रश्न हाच विचारतो.

निफाडचा_पिकअप

सर, आपल्यामागे आलेली गाडी माझी नव्हती, पण असू शकली असती. मी निफाडहून भाजीपाला नाशिकच्या मार्केटला टाकतो आणि साधारण त्याच वेळेस रिकामे क्रेट घेऊन परततो. सायकलवाल्यांनी आमच्या बाजूने रस्ता कसा दिसतो हे एकदा ऐकावे, म्हणून सविस्तर लिहितो.

धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून आम्ही डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या झोतावर, चालतो. डिपरवर रस्ता दिसतो तो बोनेटच्या पुढे थोडासा. आतून काचेला बाष्प धरते, ते एका हाताने फडक्याने पुसत राहावे लागते. मग गाडी सरळ ठेवायची कशाच्या आधारावर? एक तर पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून त्याच्या मागे राहायचे, नाही तर डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चालायचे. माझ्या ओळखीचे बहुतेक चालक पट्टीच धरतात. आता आपण विचार करा, सायकलवाला कुठे चालत असतो? त्याच पट्टीवर. तो बिचारा कडेने चालून स्वतःला सुरक्षित समजत असतो आणि आम्ही नेमकी तीच रेघ नजरेत धरून गाडी हाकत असतो. साइडपट्टी डांबरी आणि धड असेल तर पट्टीच्या बाहेर, पूर्ण डावीकडे चालावे. साइडपट्टी मुरुमाची, खचलेली असेल तर पट्टीपासून हात-दीड हात आत चालावे, पण पट्टीवर चालू नये. आत चालणाऱ्याला बघून चालक निदान ठरवतो की याच्या मागे थांबायचे की ओलांडायचे. पट्टीवर असणाऱ्याच्या बाबतीत तो काहीच ठरवत नाही, तसाच घासून जातो.

आता मोटारसायकल वाटली याचे कारण. चारचाकीला मागे दोन दिवे असतात, त्या दोन दिव्यांमधल्या फटीवरून अंतर लगेच कळते. एकच दिवा दिसला की मनात मोटारसायकल येते, आणि मोटारसायकल चाळिसाच्या वेगाने पुढे जात असेल हे आम्ही धरूनच चालतो. सायकल पंधरा-अठराच्या वेगाने चालते हे लक्षात येईपर्यंत ती बोनेटखाली आलेली असते. ज्या सायकलच्या पायडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर वर-खाली होताना दिसतात, ती मात्र क्षणात ओळखू येते, कारण दुसऱ्या कुठल्याही वाहनाचा दिवा तसा हलत नाही. दूधवाल्यांच्या जुन्या सायकली म्हणूनच ओळखू येतात. नव्या गिअरच्या सायकलींवर हौशी मंडळी ते पिवळे तुकडे काढून टाकतात, त्याचे मला नवल वाटते.

आणखी एक. सध्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींना मागे दिवा सोडा, रेडियमही नसते. पंक्चर झालेली ट्रॉली कडेला दगड लावून तशीच उभी असते. मागच्या गाडीपेक्षा पुढच्या ट्रॉलीची भीती सायकलवाल्याने जास्त बाळगावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक_वाचक

कडेच्या पट्टीचे वाचून एक सुचले. अशा वेळी उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालवली तर? निदान गाडी येताना दिसेल आणि खाली उतरता येईल.

ब्रेव्हेवाला

कृपया तसे करू नये. पायी चालणाऱ्याने समोरून येणाऱ्या रहदारीकडे तोंड करून चालावे हे बरोबर आहे, कारण त्याचा वेग नगण्य असतो आणि तो एका पावलात रस्ता सोडू शकतो. सायकलला हे लागू होत नाही. गाडी ६० च्या वेगात आणि सायकल १८ च्या वेगात असेल तर एका दिशेने जाताना दोघांतले अंतर ताशी ४२ किलोमीटरने कमी होते, समोरासमोर येताना ७८ ने. शिवाय फाट्यावरून डावीकडे वळून रस्त्यावर येणारा चालक फक्त आपल्या उजवीकडे पाहतो, चुकीच्या बाजूने येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते.

गंगापूररोड_आजी

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे आणि सायकल आता फक्त सोमेश्वरपर्यंत, तीही ऊन पडल्यावर चालवते. मास्तरांच्या जाकिटाचा प्रश्न कोणी घेतलेला नाही, म्हणून लिहिते.

पोपटी जाकिटाचा चमकदारपणा सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे येतो. तो रंग डोळ्यांना न दिसणारे किरण शोषून दिसणाऱ्या प्रकाशात परत देतो, म्हणून ढगाळ दिवशीही तो झळाळतो. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत नाशिकला सूर्य सातच्या नंतर काही मिनिटांनी उगवतो. मास्तर सव्वासहाला निघतात, म्हणजे त्यांच्या प्रवासाच्या पहिल्या अर्ध्या तासात ते जाकीट साध्या फिकट कापडापेक्षा फारसे वेगळे नसते, कारण गाडीच्या दिव्यांत हे अतिनील किरण जवळजवळ नसतात. उजाडल्यानंतर मात्र त्याचा उपयोग आहे, तेव्हा ते टाकून देऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्याला आपण सगळे रेडियम म्हणतो ती राखाडी पट्टी. (त्यात रेडियमचा अंशही नसतो, बारीक काचमणी किंवा काटकोनी लोलक असतात, जे प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात.) स्वच्छ रात्री ही पट्टी विलक्षण काम करते. धुक्यात तिची अडचण अशी की प्रकाशाला धुक्यातून दोनदा जावे लागते, गाडीपासून पट्टीपर्यंत आणि पट्टीपासून चालकाच्या डोळ्यांपर्यंत. हवामानशास्त्रात दृश्यमानता मोजण्याची जी व्याख्या आहे, तिच्यानुसार दृश्यमानतेइतके अंतर कापल्यावर मूळ प्रकाशाचा फक्त ५ टक्के भाग उरतो. समजा धुक्यात दृश्यमानता १०० मीटर आहे आणि सायकल ५० मीटरवर आहे. तुमच्या स्वतःच्या दिव्याचा प्रकाश एकदाच ते अंतर कापतो, त्यामुळे सुमारे २२ टक्के उरतो. पट्टीवरून परतणारा दोनदा कापतो, त्यामुळे ५ टक्क्यांच्या आसपास. त्यात डिपरवर चाललेल्या गाडीचा झोत मुळात खाली असतो, पट्टीपर्यंत तो आधीच क्षीण होऊन पोहोचलेला असतो. म्हणून धुक्यात स्वतः उजेड देणारी वस्तू आधी आणि उजेड परतवणारी नंतर, हा क्रम ठेवावा. घोट्याला बांधायची पट्टी घ्यायचीच असेल तर आत छोटा दिवा असलेली मिळते, ती घ्यावी. पायडलबद्दल निफाडच्या दादांनी जे लिहिले ते अगदी खरे आहे; माणसाच्या पायांची हालचाल आपला मेंदू चार-दोन ठिपक्यांवरूनही ओळखतो, आणि ते ठिपके स्वतः प्रकाश देणारे असतील तर धुक्यातही ओळखेल.

पिवळ्या दिव्याबद्दल कोणी विचारेल, म्हणून आधीच सांगते. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो ही समजूत चुकीची आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि ते सगळ्या रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून तर धुके पांढरे दिसते. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे दिवे सक्तीचे होते, पण धुक्यात त्याने पल्ला वाढत नाही. डोळ्यांना त्याचा त्रास थोडा कमी होतो, इतकेच. मागे लालच लावावा.

चालकाला धुक्यात स्वतःच्या वेगाचा अंदाज नीट येतो का, यावर संशोधकांचेही एकमत नाही. १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या प्रयोगात धुक्यात वेग कमी भासतो असे आढळले, तर २०१२ च्या एका प्रयोगात खऱ्या धुक्यासारखे, म्हणजे लांबचे अधिक पुसट करणारे धुके घेतल्यावर उलट निष्कर्ष निघाला. तेव्हा चालक आपोआप सावकाश येईल या भरवशावर राहू नये, हे उत्तम.

मास्तर, निघण्याची वेळ बदलता येत नाही का? तुमच्या वाटेवरचे धुके रात्री जमीन थंड होऊन तयार होणारे आहे. निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि पाणी दिलेली शेते असली की ते पहाटे जमते आणि बहुधा सूर्योदयाच्या आगेमागेच सर्वांत दाट असते. ऊन चढले की साडेआठ-नऊपर्यंत विरते. त्र्यंबकच्या बाजूला किंवा कसारा घाटात पावसाळ्यात जे असते ते डोंगरावर टेकलेले ढग असतात, ते दुपारपर्यंतही हलत नाहीत. तिथे वाट पाहून उपयोग नाही. तुमच्याकडे आहे.

नांदूरनाका_मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. ब्रेव्हेवाले दादा, राग कसला? आपला प्रश्न वाचला आणि लगेच खाली पार्किंगमध्ये गेलो. डब्याची रेक्झिनची पिशवी कॅरिअरला लटकावतो, ती रिकामी असताना दिवा पूर्ण दिसतो, पण डबा, पाण्याची बाटली आणि तपासायच्या वह्या भरल्या की फुगून दिव्याच्या अर्ध्या भागावर येते. मंगळवारी घटक चाचणीच्या वह्या होत्या.

सवयीने गणित मांडून पाहिले. पिकअप ६० च्या वेगात, मी १८ च्या, म्हणजे आमच्यातले अंतर सेकंदाला साधारण ११.७ मीटरने कमी होत होते. चालकाला मी ४० मीटरवर दिसलो आणि ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद गेला असे धरले, तर त्यातच साडेसतरा मीटर संपतात. दवाने ओल्या रस्त्यावर गाडीचा वेग सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो असे धरले, तर माझ्या वेगापर्यंत यायला आणखी १७ मीटर लागतात. उरतात साडेपाच मीटर. आता "मोटारसायकल आहे, लांब आहे" असे वाटण्यात फक्त एक सेकंद गेला, तर ११.७ मीटर आणखी वजा होतात, आणि उत्तर ऋण येते. त्या चालकाचा वेग ६० पेक्षा कमीच असला पाहिजे, नाही तर मी हे लिहीत नसतो. मागचा दिवा ४० ऐवजी ७० मीटरवरून ओळखू आला तर तोच एक सेकंद गेला तरी वीस मीटरहून अधिक शिल्लक राहतात.

कालपासून पिशवी काढून पुस्तके दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत टाकली आहेत. कॅरिअरच्या टोकाला दुसरा दिवा लावला. काढून ठेवलेले पायडलचे पिवळे तुकडे माळ्यावरच्या डब्यात सापडले. होय दादा, मीही तेच केले होते. शाळेत बोलून सोमवार आणि गुरुवारचा पहिला तास सहकाऱ्याशी बदलून घेतला आहे, त्या दिवशी आठनंतर निघेन. तिसरा दिवस मंगळवार, त्या दिवशी तास बदलता आला नाही. नाक्यावरून समोरचा वीज मंडळाचा खांब दिसला नाही तर एसटीने जायचे, असे ठरवले आहे.

एकच विचारायचे राहिले. वाटेत धुके अचानक दाटले तर थांबावे कुठे?

निफाडचा_पिकअप

सर, साइडपट्टीवर उभे राहू नका, तिथे तर आम्ही स्वतः धुके वाढले की गाडी घेतो. सायकल पूर्ण रस्त्याखाली, शेताच्या बांधाकडे उतरवा आणि मागचे दिवे बंद करा. उभा लाल दिवा दिसला की मागचा चालक त्याला चालत्या गाडीचा समजून त्याच्या मागे येतो. मी असा एकदा एका उभ्या ट्रकमागे थेट चारीत उतरलो आहे. रस्त्याखाली असलात तर दिवा नकोच. रस्त्यावरच असाल, पंक्चर वगैरे असेल, तर मात्र एकही दिवा बंद करू नका आणि सायकलच्या मागे नाही, पुढे उभे राहा.

आणि पिशव्या लावल्यावर एकदा सायकल अंगणात उभी करून साठ पावले मागे जा, खुर्चीवर बसून बघा. उभे राहून नको, आमची सीट तेवढ्या उंचीवर नसते. मंगळवारी मी लाखलगावला साधारण पावणेसातला असतो, पांढरी गाडी, मागे निळे क्रेट. दिसलात तर हॉर्न देईन.